साखळी करवतीचा तुलनात्मक तक्ता

परळच्या तारामती सदनातला फणस फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी भर दुपारी आडवा झाला. वारा नव्हता, वादळ नव्हतं. मुळं आतून पोखरली होती म्हणे. पण पडताना त्याने सभ्यपणा सोडला नाही. शेजारच्या बदामाला धक्का लावला नाही, खाली ओळीने उभ्या असलेल्या स्कूटरींपैकी एकीचाही आरसा फोडला नाही, नुसता अंगणात लांबच्या लांब निजला. रिटायर होणारी माणसंसुद्धा हल्ली इतक्या शांतपणे रिटायर होत नाहीत.

याचं हाताशी असलेलं उदाहरण म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे रघुवीर टिपणीस. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती आणि गृहस्थ अजून शांत झाले नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्यात काढली. खरेदी खात्याचा धर्म एकच. वस्तू टाचणी असो की ट्रान्सफॉर्मर, तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची आणि तुलनात्मक तक्ता करायचा. ऑफिस सुटलं, पण तक्ता सुटला नाही. घरातला मिक्सर, मुलाची शाळा, त्याच्या मुंजीतला आचारी, सगळे तक्त्यातून पास होऊन आलेले. पत्नी कालिंदीबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी एक झोपाळा मागितला होता. ती फाइल पस्तीस वर्षं चालू होती.

फणस पडल्याचा आवाज ऐकून कालिंदीबाई गॅलरीत आल्या आणि कठडा धरून उभ्याच राहिल्या. त्या झाडाची आठळी त्यांनी माहेरून, रोह्याहून आणली होती. आधी डालड्याच्या डब्यात रुजवली, मग अंगणात लावली, आणि नळाला पाणी नसेल त्या दिवशी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घालून वाढवली. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. संध्याकाळी मात्र चहाचा कप पुढे ठेवता ठेवता त्यांनी निकाल देऊन टाकला.

"ह्याचाच झोपाळा करायचा. सहा फूट अखंड फळी. बाकीच्या झाडाचं तुम्ही आणि सोसायटी काय ते बघा, पण माझे सहा फूट मला हवेत. आणि ह्या वेळी फाइल नको."

"फाइल कशाला?" टिपणीस म्हणाले. "झाड आपलंच. कापायचं फक्त."

'कापायचं' हा शब्द तोंडातून बाहेर पडतोय न पडतोय तोच त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. कशाने? आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच टिपणिसांना चहा गोड लागला.

गुरुवारी सोसायटीची सभा भरली. सेक्रेटरी सुचित्रा ही लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी करणारी चटपटीत मुलगी. सभा दहा मिनिटांत संपवायची हा तिचा बाणा.

"काका, सिंपल आहे ना. एक कटरवाला बोलवू, तो येईल, घर्रकन कापेल, निघून जाईल. विषय एंड."

टिपणीस उभे राहिले. तारामती सदनात टिपणीस उभे राहिले की अनुभवी बायका घरी गॅस बंद करायला निरोप पाठवतात.

"आणि पुढच्या वर्षी? बदाम आहे, दोन नारळ आहेत, फांद्या दर वर्षी छाटाव्या लागतात. दर वेळी माणूस शोधत फिरायचं, की सोसायटीने एक मध्यम आकाराची साखळी करवत बाळगायची?"

"साखळी काय?"

"चेनसॉ. आपल्या भाषेत साखळी करवत."

तळमजल्यावरचे दगडू नाईक हसले. आयुष्य गिरणीत गेलेलं, मूळ गाव मालवणजवळ, आणि मत विचारायची वाट न बघता देण्याची सवय. "टिपणीसानू, एक ओंडको कापूक मशीन कित्याक? माका एक कुऱ्हाड देवा नि दोन कप चाय. सांजेक तुमचो फणस भुईसपाट!"

"तो आधीच भुईसपाट आहे, नाईक."

शेवटी जेवणाची वेळ टळायला लागली तेव्हा टिपणिसांना 'अभ्यास करून शिफारस करण्याचे' सर्वाधिकार देऊन सभा सुटली. टिपणिसांना अभ्यासाचे अधिकार देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा सगळ्यांना भूक लागली होती.

झाड तोडायची परवानगी हा प्रकार नऊ खेटे घातल्याशिवाय होत नाही अशी टिपणिसांची श्रद्धा. त्यांनी अर्जाच्या नऊ प्रती काढल्या, डबा बांधून घेतला आणि वॉर्ड ऑफिस गाठलं. तिथे उद्यान खात्यातले धम्मपाल नावाचे तरुण अधिकारी भेटले. त्यांनी एकच प्रत ठेवून घेतली, दुसऱ्या दिवशी येऊन झाड पाहिलं, फोटो काढले आणि चौथ्या दिवशी पत्र हातात दिलं: पडलेले झाड तीस दिवसांत तोडून जागा मोकळी करावी. टिपणिसांचा थोडा अपमानच झाला. आठ प्रती अंगावर पडल्या त्या वेगळ्याच. त्यांनी ते पत्र फाइलच्या तळाशी ठेवलं आणि तीस दिवस हा आकडा मनातून काढून टाकला.

पुढचे तीन आठवडे मात्र काय सुखाचे गेले म्हणता! रोज सकाळी पोहे खाऊन टिपणीस नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात जायचे आणि दुपारी हाताला ग्रीसचा वास घेऊन यायचे. जेवताना ते बोलायचे आणि कालिंदीबाई वाढायच्या.

"अगं, पंचेचाळीस सीसी आणि अठ्ठावन्न सीसी यांत नुसता ताकदीचा फरक नाही. वजन आलं, हादरे आले. अठ्ठावन्न सीसी झपाझप कापते, पण बारचं, म्हणजे पात्याचं, टोक लाकडात अडकलं तर उसळून अंगावर येते! उसळून!" हे सांगताना ते स्वतःच पाटावरून उसळले आणि आमटीची वाटी लवंडली.

"माझे सहा फूट," कालिंदीबाई म्हणाल्या.

"ते सुरक्षित आहेत. मुद्दा असा की नुसती कामगिरी पाहून चालत नाही. हाताळणी! यंत्र कितीही जोरकस असो, हातात राहिलं पाहिजे. मी कामगिरीला पन्नास मार्क ठेवलेत आणि हाताळणीला पन्नास."

तीन आठवड्यांनी तीन उमेदवार ठरले. लाल रंगाची पेट्रोलवरची अठ्ठावन्न सीसी, नारिंगी रंगाची पेट्रोलवरचीच पंचेचाळीस सीसी, आणि हिरव्या रंगाची विजेवरची. तिन्ही दुकानांनी आपापला विक्रेता करवतीसह पाठवायचं कबूल केलं. टिपणिसांच्या चिकाटीपुढे दुसरा इलाज नव्हता. एका दुकानदाराने तर 'चाचणी घ्या, पण उद्यापासून येऊ नका' असं हात जोडून सांगितलं म्हणतात.

शनिवारी टिपणिसांनी फाटकाजवळच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरांत सूचना लिहिली: 'रविवारी सकाळी दहा वाजता अंगणात साखळी करवत तुलनात्मक चाचणी. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.' 'साखळी' हा शब्द ठसठशीत काढून अधोरेखित केला. संध्याकाळी कुणीतरी फळ्याला पाठ टेकून अर्धा तास फोनवर बोलत उभं राहिलं. त्या माणसाच्या शर्टावर 'करवत तुलनात्मक चाचणी' गेलं आणि फळ्यावर उरलं ते असं: 'रविवारी सकाळी दहा वाजता अंगणात साखळी. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.'

परळमध्ये साखळी म्हटल्यावर दुसरं काय डोळ्यांपुढे येणार? साखळी उपोषण! तेही अंगणात झाड पडलेलं आणि महिना उलटलेला. रविवारी सकाळी टिपणीस खाली उतरले तर नाईक सतरंजी अंथरून, डोक्याला टोपी घालून फणसाला टेकून बसलेले.

"मियां पयलो बसतंय," ते म्हणाले. "सकाळपासून चाय पन घेवक नाय. बायल भाकरी थापता हा, तिका सांगान इलंय, आज नको म्हणान."

शेजारच्या दोन इमारतींतले लोक पाठिंबा द्यायला आले होते. एक हवालदार येऊन 'अर्ज कुणाच्या नावाने आहे' विचारत होता. आणि तेवढ्यात टॅक्सी नाही, बस नाही, भर उन्हात धावत धम्मपाल फाटकातून आत आले. रविवार असूनही बिचारे शर्ट खोचून आले होते.

"टिपणीस साहेब! उपोषण कशाला? परवानगी तर मी चौथ्या दिवशीच दिली ना!"

टिपणिसांनी सगळ्यांना साखळी करवत समजावून सांगितली. हवालदाराचा चेहरा पडला. नाईकांनी सतरंजी गुंडाळली आणि वरच्या आवाजात घरात भाकरीचा निरोप दिला. धम्मपालांनी मात्र घाम पुसत फाइलच्या तळातलं पत्र मागून घेतलं आणि तारीख पाहिली.

"साहेब, आज तिसावा दिवस. संध्याकाळी सहापर्यंत अंगण मोकळं झालं पाहिजे. उद्या सकाळी आमची गाडी येईल आणि जे पडलेलं असेल ते उचलून नेईल. झोपाळा वगैरे मला काही धरता येणार नाही."

वरून, गॅलरीतून, कालिंदीबाईंनी हे ऐकलं. त्या खाली आल्या. हातात रांगोळीच्या डब्यातला गेरू होता. फांद्या मधल्या दिवसांत कुऱ्हाडीने तोडून झाल्या होत्या, उरला होता अकरा फुटांचा सरळ ओंडका. कालिंदीबाईंनी जाड बाजूने मापून साडेसहा फुटांवर गेरूची लाल रेघ मारली. अर्धा फूट सुताराला सोडलेला.

"ह्या रेघेच्या अलीकडे कुणीही यायचं नाही," त्या म्हणाल्या. "विशेषतः तुम्ही."

उरले साडेचार फूट. टिपणिसांनी हिशेब आधीच केला होता. दोन दोन इंचांच्या सत्तावीस चकत्या. तीन करवती, प्रत्येकीला नऊ संधी, क्रम दर वेळी बदलता, म्हणजे जाड-बारीक लाकडाचा अन्याय कुणावर नको. फूटपट्टी, स्टॉपवॉच आणि अकरा रकान्यांचा तक्ता घेऊन ते खुर्चीवर बसले आणि शिट्टी वाजवली.

आणि काय ती सकाळ! लाल करवतीच्या विक्रेत्याने दोरी ओढली. एकदा, दोनदा, सात वेळा. आठव्या वेळेला ती अशी कडाडली की बदामावरचे कावळे थेट करी रोडच्या दिशेने गेले. दात लाकडात शिरले आणि पिवळाधमक भुसा कारंज्यासारखा उडाला. फणसाचं लाकूड आतून हळदीच्या रंगाचं असतं. पाच मिनिटांत हवालदारापासून सुचित्रापर्यंत सगळे हळदीला बसल्यासारखे दिसायला लागले. पहिली चकती सुटून पडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. "एकवीस सेकंद!" टिपणीस ओरडले. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

नारिंगी करवत दुसऱ्याच ओढीला सुरू झाली. सत्तावीस सेकंद, पण चालवणाऱ्याचा हात हलला नाही. हिरवीची वायर अंगणापर्यंत पोचेना म्हणून नाईकांच्या घरातून बोर्ड ओढला. करवत सुरू झाली आणि तिन्ही मजल्यांची वीज गेली. रविवारी अकरा वाजता, घरोघर मिक्सरमध्ये ओलं खोबरं अर्धवट वाटलेलं असताना! एकूण अठरा स्वयंपाकघरांतून टिपणिसांचा जो उद्धार झाला तो तक्त्यात नोंदवायला रकाना नव्हता. फ्यूज घातला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा हिरवीला मिक्सर बंद ठेवण्याच्या अटीवर नऊ चकत्या कापू दिल्या. तिचा आवाज मात्र गोड होता, हे टिपणिसांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

दोनला सत्तावीस चकत्या झाल्या. बेरीज केली. लाल: कामगिरीला अठ्ठेचाळीस, हाताळणीला एकतीस. नारिंगी: कामगिरीला पस्तीस, हाताळणीला चव्वेचाळीस. दोघींना एकोणऐंशी!

चौतीस वर्षांत टिपणिसांच्या तक्त्यात बरोबरी झाली नव्हती. त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. "हाताळणीचे मार्क विक्रेत्यांनी चालवून दिलेत," ते विचार करत म्हणाले. "ते सराईत. सोसायटीत वापरणार कोण? आपण! म्हणजे हाताळणी सर्व वयोगटांत तपासायला हवी."

एवढं म्हणायचा अवकाश, रांग लागली. पहिले अर्थात टिपणीस. मुलाचे क्रिकेटचे पॅड पायाला, हेल्मेट डोक्याला, विक्रेत्याचा हात मागून करवतीला. दोरी ओढली, आणि मुठीतून खांद्यापर्यंत, खांद्यातून थेट काळजापर्यंत काहीतरी थरारत गेलं. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी वापरायच्या वस्तू खरेदी केल्या होत्या. आज वस्तू त्यांच्या स्वतःच्या हातात होती आणि चकती त्यांच्या स्वतःच्या पायाशी पडली. आनंदाने त्यांना चक्क गाणं म्हणावंसं वाटलं. मग नाईक. एक चकती कापून झाल्यावर ते करवत सोडेनात. "कुऱ्हाडीचा नाव काडू नको आता," ते विक्रेत्याला म्हणाले. मग सुचित्रा. "काका, मस्तच आहे हे! अजून एक प्लीज!" मग तिची आई, मग हवालदार, आणि शेवटी 'मी ड्युटीवर नाही' असं दोनदा सांगून धम्मपालसुद्धा. काही जणांनी लालने कापली, काही जणांनी नारिंगीने, आणि ज्यांना ठरवता येईना त्यांनी दोन्हींनी. गुडघाभर भुसा साचला. प्रत्येक जण आपली चकती छातीशी धरून फोटो काढत होता.

"कालिंदी!" टिपणीस वर बघून ओरडले. "ये ना! गृहिणींचा रकाना रिकामा आहे!"

कालिंदीबाई आल्या. कोपऱ्यातला खराटा घेऊन त्यांनी ओंडक्यावरचा भुसा झाडला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पुन्हा एकदा, उलटा. मग त्यांनी खराटा खाली ठेवला.

"माझी रेघ कुठाय?"

सगळ्यांनी आपापल्या हातातल्या चकत्या पाहिल्या. रेघ टिपणिसांनी कापलेल्या पहिल्या चकतीवर सापडली; ती फोटोसाठी हवालदाराच्या हातात होती. त्याने ती हळूच पाठीमागे लपवली.

टिपणिसांनी टेप काढला. चार फूट एक इंच. त्यांनी पुन्हा मोजलं. चार फूट एक इंचच. आठळीपासूनचं ते झाड, डाळ-तांदळाचं पाणी, पस्तीस वर्षांची एक मागणी, आणि आपण ती शिट्टी वाजवून, टाळ्या घेऊन, दोन दोन इंचांनी कापून टाकली. आयुष्यात त्यांना इतकी लाज कधी वाटली नव्हती. "कालिंदी," ते म्हणाले. कालिंदीबाई जिना चढून गेल्या.

"जावा वर," नाईक हळू आवाजात म्हणाले. "टेप हयच ठेवा."

पण टेप हातातच राहिला. वर कालिंदीबाई पुढच्या खोलीत, जिथे झोपाळा टांगायचं गेली पस्तीस वर्षं ठरलेलं होतं तिथे, भिंतीकडे बघत उभ्या होत्या. टिपणिसांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. त्यांनी मोजलं. भिंतीपासून कपाटापर्यंत. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कालिंदी! चार फूट सात इंच! अगं, सहा फुटी फळी इथे मावलीच नसती!"

कालिंदीबाई वळल्या.

"म्हणजे पस्तीस वर्षं फाइल चालू होती," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्ही जागा मोजली नव्हती?"

टिपणीस पॅड घातलेल्या पायांनी तसेच उभे राहिले. कालिंदीबाईंनी त्यांच्याकडे डोक्यावरच्या हेल्मेटपासून भुशाने पिवळ्या झालेल्या मिशांपर्यंत एकदा नीट पाहिलं, आणि तोंडावर पदर धरला. आधी टिपणिसांना वाटलं रडतायत. खांदे हलत होते. मग हसण्याचा आवाज फुटला, आणि खाली अंगणात अठरा बिऱ्हाडांनी एकदम श्वास सोडला.

"चार फूट तरी वर आणा," त्या म्हणाल्या. "सहा वाजतील."

पावणेसहाला तो ओंडका दोन मजले चढला. पुढे नाईक आणि हवालदार, मागे धम्मपाल आणि तिन्ही विक्रेते, आणि सर्वांत मागे 'डावीकडे, डावीकडे' म्हणत टिपणीस. सहाला पाच कमी असताना धम्मपालांनी मोकळ्या अंगणाचा फोटो काढून शेरा मारला. चकत्या ज्याने त्याने घरी नेल्या. त्यांतल्या बऱ्याचशा चिरल्या, पण आजही तारामती सदनात गरम पातेलं कुठे ठेवायचं हा प्रश्न कुणाला पडत नाही. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात टिपणिसांनी लिहिलं: 'ओंडका चाचणीतच संपल्यामुळे खरेदीची आवश्यकता उरलेली नाही.' तिन्ही विक्रेत्यांनी त्यावर सही केली आणि पुन्हा तारामती सदनाकडे फिरकले नाहीत.

नाईकांच्या काळाचौकीच्या सुतार भाच्याने फळी घडवली. गुढीपाडव्याला झोपाळा टांगला. पिवळी, गुळगुळीत, चार फुटी फळी. दोन माणसं बसू शकत होती, पण अगदी चिकटून. श्रीखंड-पुरीनंतर दोघं तशी बसली. टिपणीस पायाने हलकेच झोका देत होते. पोट भरलेलं, कड्या कुरकुरत नव्हत्या, आणि त्यांचं मन भरून आलं.

"कालिंदी, एक सांगू? मी जन्मात एकच गोष्ट तुलना न करता पत्करली. रोह्याला तुला बघायला आलो, तेव्हा दुसरं कोटेशन मागवलंच नव्हतं."

"माहीत आहे मला," कालिंदीबाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे तीन होती. तुम्ही तिसरे."

झोपाळा थांबला.

"तीन? मग... बाकीचे दोघे? निकष काय लावला होता?"

कालिंदीबाईंनी जमिनीला पाय लावून पुन्हा झोका दिला.

"कामगिरीत तुम्ही तिसरेच होतात," त्या म्हणाल्या. "पण हाताळायला सोपे."